उसात उतरलेली दुर्बीण

“काळजी करू नका सायेब, इझवली आमी.”

जीपमधून उतरलो तेव्हा कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. बोलणारे गृहस्थ साठीचे, पांढरी बंडी, खाकी हाफ पँट आणि गळ्यात शिट्टी. त्यांच्या मागे विहिरीपासून उसाच्या फडापर्यंत माणसांची लांबलचक रांग उभी होती. बादल्या, घागरी, हंडे हातोहात पुढे सरकत होते. रांगेतला शेवटचा माणूस प्रत्येक बादली आमच्या दुर्बिणीवर रिकामी करत होता.

“विझवली म्हणजे?” मी विचारलं.

“धूर निगत हुता की. पांढरा फेक. आता बगा, जरा बी न्हाई.”

 तो धूर नव्हता, आणि तो बंद व्हायला नको होता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली, शिराळ्याजवळच्या एका गावातली. मी तेव्हा एका संशोधन संस्थेत इंजिनिअर होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. पाटणच्या शाळेतून कराडला आलो, तिथं इंजिनिअर झालो आणि पुढं नशिबानं अशा जागी पोचलो, जिथं माणसं पगार घेऊन ताऱ्यांचा विचार करत. मला तारे फारसे कळत नव्हते. माझ्याकडे होती दुर्बिणीतली थंड बाटली.

आमचे प्रमुख डॉ. राघवन. मूळचे मद्रासकडचे. बारीक अंगाचे, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, पायात कायम कॅनव्हासचे बूट. त्यांचा प्रश्न ऐकायला सोपा होता. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो. त्याचे प्रचंड ढग असतात. असा ढग आकसत गेला की त्यातून नवा तारा होतो. पण गरम वायू आकसत नाही, फुगू पाहतो. म्हणजे आधी तो थंड व्हायला हवा. आता तिथं ना वारा, ना पाणी, ना सावली. मग तो थंड होतो कसा?

उत्तर असं की ढगातले कण एकमेकांवर आदळतात. तो धक्का एखादा कार्बनचा अणू झेलतो आणि थोड्या वेळानं प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकून देतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जी धग लागते, त्याच जातीचा तो, फक्त अतिशय मंद. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. तो ढगाबाहेर निसटला की तेवढी उष्णता कायमची गेली. डॉ. राघवनना ती जाणारी उष्णता पकडायची होती.

अडचण अशी की आपल्या हवेतली वाफ हा प्रकाश वाटेतच खाऊन टाकते. म्हणून आम्ही दुर्बीण हवेच्या वर पाठवायचो. प्लास्टिकच्या पातळ कागदाचा भलामोठा फुगा, त्याखाली पॅराशूट, आणि पॅराशूटखाली लोखंडी सांगाड्यात बसवलेली दुर्बीण. हैदराबादहून फुगा सोडायचा, रात्रभर निरीक्षण करायचं, मग रेडिओवरून कमांड देऊन दोर तोडायचा. दुर्बीण पॅराशूटनं खाली येते. ती ज्या दिशेला पडेल तिकडे एक तुकडी जीप घेऊन आधीच पोचलेली असते. त्याला आम्ही रिकव्हरी म्हणायचो. त्या खेपेला वारा पश्चिमेचा रस्ता धरणार हे ठाऊक होतं. म्हणून डॉ. राघवन, मी आणि ड्रायव्हर मिरजेत मुक्काम ठोकून होतो. वारा अंदाजापेक्षा तगडा निघाला. दुर्बीण सांगली ओलांडून थेट शिराळ्याकडे गेली.

दुर्बिणीच्या पोटात माझी बाटली होती. थर्मासच म्हणा, पण धातूचा आणि फार पक्का. त्यात द्रवरूप हेलियम. हेलियम इतका थंड असतो की त्याच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. बाटलीच्या तळाशी डिटेक्टर होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तारा असो की ढग, त्याची धग मोजणारा तोच. तो स्वतः थंड नसेल तर स्वतःच्याच उबेनं आंधळा होतो. असा डिटेक्टर डॉ. राघवननी स्वतःच्या हातानं घडवला होता. कितीतरी बिघडले, तेव्हा हा एक जमला. आमच्याकडे दुसरा नव्हता.

हेलियम सतत थोडा थोडा उकळत असतो. त्याची वाफ बाटलीच्या अरुंद मानेतून बाहेर पडते आणि बाहेरची हवा तिच्यामुळे गारठून पांढरी दिसते. गावानं पाहिलेला धूर तो हा. त्यावर पाणी पडलं की ते मानेशीच गोठतं आणि बाटलीला बर्फाचं बूच बसतं. आत हेलियम उकळतच राहतो, पण बाहेर पडायची वाट बंद. पुढं काय होतं हे ज्यानं कुकरची शिटी अडकलेली पाहिली आहे त्याला सांगायला नको.

मी धावत फडात गेलो. दुर्बीण तिरकी पडली होती. भोवतीचा ऊस झोपला होता. सांगाड्यावर तीन भाषांत सूचना रंगवलेली होती, की हे शास्त्रीय यंत्र आहे, हात लावू नये, पोलिसांना कळवावं. ती बाजू नेमकी चिखलात रुतली होती. बाटलीच्या तोंडाशी नारळाएवढा बर्फाचा गोळा. सुरक्षेसाठी बसवलेला व्हॉल्व्हही त्याच गोळ्यात गडप. शेजारच्या प्रेशर गेजचा काटा मात्र स्वच्छ दिसत होता. तो सरकत होता.

सांगाड्यावर दोन पोरं बसली होती. एक म्हातारबुवाही वरच बसून तंबाखू मळत होते.

मागून डॉ. राघवन आले. त्यांनी काटा पाहिला, बर्फ पाहिला आणि अगदी शांतपणे विचारलं, “माने, हाऊ मेनी पीपल आर सिटिंग ऑन माय टेलिस्कोप?”

“तीन, सर.”

“फर्स्ट, झीरो.”

मी ओरडलो, “कृपया सर्वांनी मागे व्हा. इथे धोका आहे.”

माणसं आणखी पुढे आली. धोका कुठे आहे ते त्यांना नीट बघायचं होतं.

ते शिट्टीवाले गृहस्थ मला म्हणाले, “सायेब, धोका आमी संपिवला. म्या फौजेत हुतो. हिंदुराव पाटील, हवालदार, रिटायर. छत्री बगितली आन वळिकलं, ह्ये सरकारी काम हाय. धूर दिसला तवा शिट्टी मारली. सगळा गाव फॉलिन, रांगेत हुबा. घटकाभरात आग खल्लास.”

त्यांच्या स्वरात कौतुकाची अपेक्षा होती, आणि खरं तर ती रास्त होती. आगीला याहून चोख उत्तर कुठल्या गावानं दिलं नसतं. फक्त आग नव्हती.

शेताच्या मालकीण बांधावर उभ्या होत्या. गाव त्यांना आक्का म्हणत होतं. पॅराशूट त्यांनी लुगड्यासारखं घडी घालून काखेत धरलं होतं. त्या म्हणाल्या, “आवं, त्या सायबाला बोलू तर द्या. त्येचं त्वांड बगा कसं झालंया.”

माझी पुस्तकी भाषा तिथं चालणार नाही हे मला तेव्हा कळलं. ऑफिसात राहून मी ती कमावली होती. ती बाजूला ठेवली.

“आक्का,” मी म्हणालो, “ह्यात आग न्हाई, थंडी हाय. लय थंडी. तुमी पानी वतलं त्येचा बरफ झाला आन बाटलीचं त्वांड बुजलं. आता आतनं वाफ कोंडलीया. फुटली तर हितला येक बी मानूस धड ऱ्हायचा न्हाई. लेकरं घिऊन बांधाच्या पल्याड व्हा.”

 मग हवालदारांनी डोळे बारीक केले.

“कुठला रं तू?”

“पाटणचा. मान्यांचा.”

“मग मगापासनं रेडिओवानी का बोलतुयास? आन ह्ये टकलं बाबा कोन?”

“आमचे कमांडर.”

हवालदारांनी टाचा जुळवून डॉ. राघवनना कडक सलाम ठोकला. मग शिट्टी वाजली. ती पोरं, म्हातारबुवा, बादल्या, आक्का, दोन म्हशी, सगळं बांधापलीकडे गेलं. मी आयुष्यात पुष्कळ मीटिंगा पाहिल्या. इतक्या चटकन अंमलबजावणी पाहिली नाही.

आता मी आणि सर. काटा लाल खुणेच्या अलीकडे होता, पण फार अलीकडे नव्हता.

“सोडून देऊ शकतो,” सर इंग्रजीत म्हणाले. “माणसं लांब आहेत. फुटली तर फुटली. डिटेक्टर पुन्हा घडवता येईल.”

“किती दिवसांत, सर?”

“ते विचारू नकोस.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. नंतर ते प्रयोगशाळेत बोलत तसंच बोलायला लागले. बर्फ बाहेरून फोडायचा नाही, मान पातळ आहे, तडकेल. गरम पाणी ओतायचं नाही, तेही गोठेल. हवी ती धातूची पोकळ नळी, बोटाहून बारीक, चांगली तापलेली. ती बर्फात घातली की ती वितळवत आत जाईल. आरपार गेली की कोंडलेली वाफ नळीच्या पोटातूनच बाहेर येईल. आमच्या प्रयोगशाळेत अशी तांब्याची नळी भिंतीवर टांगलेली असायची. ती तिथंच होती, भिंतीवर.

मी आजूबाजूला पाहिलं. ऊस, पाट, विहिरीवरची मोटार. आणि मला घरची फवारणी आठवली. सुट्टीत गावी गेलो की पाठीवर पंप बांधून औषध मारायचं काम माझ्याकडे असे. त्या पंपाला पितळेची लांब नळी असते. पुढचं नोझल काढलं की ती दोन्ही तोंडांनी मोकळी.

“हवालदार,” मी बांधाकडे हाक मारली, “औषधाचा पंप कुणाकडं हाय?”

“आक्काकडं हाय. माझ्याबी घरी हाय. का रं, कीड लागली का?”

“नळ्या काढून आना. दोनी.”

“आन तापवायच्या कुठं?” आक्कांनी विचारलं. सरांचं इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं, पण माझे हातवारे कळले होते. मग त्यांनीच उत्तर दिलं. “गुऱ्हाळ चालू हाय की.”

शेजारच्या रानातच गुऱ्हाळ होतं. हंगामाची शेवटची काहील उकळत होती. काहील म्हणजे रसाची ती मोठी कढई, आणि तिच्याखालच्या भट्टीला चुलवाण म्हणतात. चिपाडं टाकून ते रात्रंदिवस पेटतं ठेवतात. पण गुऱ्हाळ ते दुर्बीण हे अंतर बरंच होतं. तापलेली नळी माझ्यापर्यंत येईतो निवणार. पुन्हा एका नळीनं भागेल असं नव्हतं. एक बर्फात असताना दुसरी तापत हवी, आणि अदलाबदल झटपट.

मी हे सांगितलं. हवालदारांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा शिट्टी मारली. पाण्यासाठी उभी केलेली रांग त्यांनी तशीच उचलून चुलवाणापासून बांधापर्यंत लावली. बांधापासून पुढं नळ्या ने-आण करायचं काम आमच्या ड्रायव्हरनं घेतलं. हवालदार प्रत्येकाच्या हाताला ओलं पोतं गुंडाळायला निघाले, तेव्हा मी म्हणालो, “कोरडं. पान्याचा थेंब नको.”

“ऐकलं का?” हवालदार रांगेवर गरजले. “पानी बंद. जो कोन पानी आनंल त्येला म्या फडात गाडीन.”

“आन मगाशी कुनी आनाय लावलं हुतं?” रांगेतून कुणीतरी विचारलं. हवालदारांनी पुन्हा शिट्टी फुंकली.

पहिली नळी आली. सरांनी हात पुढे केला. “मी घालतो. बाटली माझी आहे.”

“सर, तुम्ही कधी फवारणी केली आहे?”

“नो.”

“मग मी धरतो.”

दोन्ही नळ्यांना आधीच तारेनं बांबू बांधले होते, म्हणजे मला बाटलीच्या तोंडासमोर उभं राहावं लागणार नव्हतं. सांगाड्याच्या आडोशाला बसून मी टोक बर्फावर टेकवलं. चर्र झालं. नळी बोटभर आत गेली आणि गार पडली. ओढून काढली, मागे दिली. दुसरी आली. पुन्हा बोटभर. सर पालथे पडून काटा वाचत होते आणि दर थोड्या वेळानं फक्त एवढंच म्हणत होते, “स्टिल गोइंग अप.”  बांधापलीकडून सूचनांचा मारा चालू होता.

“जरा डावीकडं दाब रं.”

“आवं, त्येला करू द्या. त्यो शिकल्याला हाय.”

“शिकल्याला हाय म्हनून तर सांगतुया.”

नळ्यांच्या किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. एकदा नळी आत अडकली. तिच्याभोवती बर्फ पुन्हा धरला होता. ओढली तर मान तुटेल, ठेवली तर वाट बंदच. सर म्हणाले, “डोन्ट पुल. वेट फॉर द नेक्स्ट वन.” पुढची तापलेली नळी मी तिच्या अंगाशी घासून आत उतरवली. पहिली सैल झाली, निघाली. आणि दुसरी, मी जोर न लावताच, आत गेली.

आधी बारीक शीळ ऐकू आली. मग मोठा फूत्कार. पांढऱ्या वाफेचा झोत नळीतून सुटला आणि उसाच्या शेंड्यांवरून निघून गेला. शेंड्यांवर दहिवर धरलं, भर उन्हात.

आणि तेवढ्यात बांधापलीकडून सवयीनं आरोळी आली, “धूर! पानी आना!”

“आरं गप,” आक्का कडाडल्या. “त्यो चांगला धूर हाय.”

सर पालथेच होते. म्हणाले, “गोइंग डाऊन.” मग उठले, गुडघ्यावरचा चिखल झटकला, आणि बाटलीवर असा हात ठेवला जसा आपण ताप उतरलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. 

दुपारी आम्ही गुऱ्हाळावर होतो. ताजा गरम गूळ आणि शेंगदाणे. तिथले गुळवे, म्हणजे रस कधी उतरवायचा ते ठरवणारे, त्यांनी विचारलं की एवढा जीव टांगणीला लावून तुम्ही आभाळात बघता तरी काय. मी म्हणालो, “एक ढग आहे, तो निवतो कसा ते बघतो.” त्यांनी मान हलवली. निवणं हा त्यांच्या धंद्यातला अर्धा भाग होता, त्यामुळे त्यांना त्यात वेडेपणा वाटला नाही. मी फडातल्या बाटलीच्या दिशेनं बोट केलं. म्हणालो, ढगाचंही तसंच आहे. उष्णता आत तयार होतच असते. बाहेर पडायची वाट मोकळी असेल तोवर तो निवतो, आकसतो. ढग फार दाट झाला की ती उष्णता आतच अडकते, आणि ढग पुन्हा तापायला लागतो. हे सरांनी मला अनेकदा फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मला ते पक्कं समजलं त्या दिवशी, सांगाड्याच्या आडोशाला बसून.

सरांनी विचारलं, काय सांगितलंस. मी इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, “करेक्ट.” नऊ वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला ‘करेक्ट’ म्हटल्याचे प्रसंग फार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सामान ट्रकवर चढवून मी एक रात्र पाटणला गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. आई दारातच म्हणाली, “तू म्हनं शिराळ्यात बाँब इझवलास.”

“बाँब नव्हता आई. थंड बाटली होती.”

“व्हय का.” ती जरा हिरमुसली. “मी मातूर सगळ्यास्नी बाँबच सांगितलाय. तू आता बदलू नगंस.”

मी बदललं नाही.

डिटेक्टर शाबूत निघाला. पुढच्या हंगामात तोच पुन्हा वर गेला, आणि त्यानंतरही. ढगातल्या धुळीची धग आम्ही चांगली मोजली. कार्बनचा तो मंद प्रकाश मात्र आमच्या हाती लागला नाही. काही वर्षांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांनी विमानातून दुर्बीण नेऊन तो पकडला. डॉ. राघवननी ती बातमी आम्हाला स्वतः वाचून दाखवली, आणि सर्वांना चहा सांगितला. ढग निवतो कसा हे कळलं, कुणाला का कळेना, असं त्यांचं म्हणणं.

या प्रकरणातून संस्थेनं घेतलेला धडा थोडक्यात होता. एक, पोकळ नळी भिंतीवर नव्हे, जीपमध्ये. दोन, सूचना सांगाड्याच्या सगळ्या बाजूंना. तीन, सूचनेत एक जादा ओळ, मी सुचवलेली: ‘यातून पांढरा धूर निघतो. तो निघू द्यावा. पाणी ओतू नये.’

दोनेक वर्षांनी एक दुर्बीण विजापूरच्या बाजूला पडली. पोलीस ठाण्यातून फोन आला. पलीकडचा जमादार मोडक्या मराठीत म्हणाला, “साहेब, तुमचा पेटी सापडला. धूर निघतोय. सगळे लोक लांब बसून बघताहेत. काही करायचं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “काही करू नका.”

“तेच तर अवघड जातंय,” तो म्हणाला. “लवकर या.”